मैफलीचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलं तर ती पायरसी होते का?

विचारल्याशिवाय टाकलं तर होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतंत्र हक्क आहे, तो ५० वर्षं टिकतो. त्यात तबला-पेटीची साथ करणारेही आले. स्वतःला ऐकायला रेकॉर्ड केलंत तर कायद्याची हरकत नाही, आयोजकांची असू शकते.

‘फुकटात प्रसिद्धी मिळते’ हे मला अजिबात पटत नाही. घसा बसलेल्या दिवशी तारसप्तकात तुटलेला सूर जगभर फिरवायचा की नाही, हे गायकानंच ठरवायला हवं. जाहिरात लागली तर तो पैसाही त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

बाजारात न मिळणाऱ्या जुन्या टेपांबद्दल मी जरा मवाळ आहे, पण तिथेही कलाकाराच्या घरच्यांना आधी विचाराच. मदतच करायची असेल तर तिकीट काढून जा आणि मित्रांना कलाकाराच्या अधिकृत चॅनेलची लिंक पाठवा.