मायोर्कातली कव्हाल बेर्नातची धार सह्याद्रीतल्या ट्रेकरला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की अलंग-मदन-कुलंग झालंय, मग स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पोर्ट दे पोयेन्सा गावाजवळची ही डोंगराची धार जमेल का. जमेल, पण दोर लावणारा अनुभवी माणूस सोबत हवाच. हा चालण्याचा ट्रेक नाही. एका बाजूला बोकेर दरी, दुसऱ्या बाजूला कडा थेट समुद्रात, आणि मधे काही ठिकाणी धार इतकी अरुंद की घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून सरकावं लागतं. रॅपलिंगही आहे, म्हणजे दोरावरून कडा उतरणं.

मुख्य फरक दगडाचा. आपल्या बेसॉल्टची सवय इथे पुरत नाही. हा चुनखडक आहे. पावसाच्या पाण्याने त्यावर उभ्या पन्हाळी कोरल्या जातात आणि त्यांच्या मधल्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. कोरड्यात बूट छान धरतो, पण तळहात सोलून निघतात. पातळ हातमोजे घ्याच. उंच गवताचे झुपके दिसतील, त्यांच्या खाली भेगा लपलेल्या असतात. तिथे पाय टाकताना चाचपून टाका.

वर पाण्याचा थेंब नाही, चुनखडक सगळं गिळतो. माणशी तीन लिटर तरी न्या. जुलै-ऑगस्ट टाळा, एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. या पर्वतरांगेचं नाव त्रामुन्ताना, म्हणजे उत्तरेचा वारा. तो जोरात असेल त्या दिवशी धारेवर जाऊ नका, खालून बोकेर दरीतून समुद्रापर्यंत चालत जा. तीही वाट फार सुंदर आहे. अडचण आली तर ११२ लावा.