मी हसले, म्हणजे मला चाललं का?

"सगळे हसले, मीही हसले. आता कुठल्या तोंडानं तक्रार करू?"

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तिनं मला हे विचारलं. बोलताना गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ती बोटाभोवती गुंडाळत होती, इतकी घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती बांधकाम क्षेत्रातली अनुभवी इंजिनिअर. एका बैठकीत तिनं ड्रॉइंग पुढ्यात ओढलं, तेवढ्यात वरिष्ठ म्हणाले, "मॅडमच्या हातात देऊ नका, उलटं धरतील." हशा पिकला. त्या ड्रॉइंगमध्ये पाण्याची पाइपलाइन थेट इमारतीचा भार पेलणाऱ्या एका बीममधून जात होती. तेच ती सांगणार होती. सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी मेल करून कळवलं, चूक दुरुस्तही झाली, पण ती कुणाच्या नजरेला पडली हे बैठकीतल्या कुणालाच कळलं नाही. 'एवढंसं तर बोलले' म्हणणाऱ्यांना हा हिशेब दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तिला मात्र विनोदापेक्षा स्वतःचं हसू जास्त बोचत होतं. अशा वेळी मी ज्युली वुडझिका आणि मरिआन लाफ्रान्स या मानसशास्त्रज्ञांचा २००१ सालचा अभ्यास आवर्जून सांगते. नोकरीच्या मुलाखतीत आगाऊ, खासगी प्रश्न विचारले तर काय कराल, असं त्यांनी तरुणींना विचारलं. निदान एका तरी प्रश्नाला उत्तर देणार नाही, असं बहुतेकींनी सांगितलं; राग येईल म्हणणाऱ्या बऱ्याच होत्या, भीती वाटेल म्हणणाऱ्या अगदी थोड्या. मग दुसऱ्या काही तरुणींना मुलाखतीला बोलावून खरोखरच तसे प्रश्न विचारले. एकीनंही उत्तर नाकारलं नाही. त्यांना रागापेक्षा भीती वाटली होती.

"म्हणजे मी भित्री नाही?"

"नाही. अंग चोरून घ्यावं तसं तुम्ही हसलात. ती संमती नव्हती."

दोरी सुटली. मग ती बराच वेळ रडली.

पुढच्या भेटीत आम्ही वाक्यं घोकली. पहिलं वाक्य तिनं भाषणासारखं लिहून आणलं होतं, स्त्रियांच्या क्षमतेवर. मी ते छाटायला लावलं. ऐन वेळी जीभ जड होते, तेव्हा छोटंच वाक्य तोंडातून निघतं. शेवटी उरलं ते असं: "यातली गंमत कळली नाही, सांगाल का?" पूर्वग्रहाचा विनोद उलगडून सांगायला बसलं की त्यातला पूर्वग्रह सांगणाऱ्यालाच ऐकू येतो.

आणि तो क्षण हुकला तरी दार बंद होत नाही. ती वरिष्ठांना एकटं भेटली. ते म्हणाले, "एवढं मनावर घ्यायचं नसतं हो." ती म्हणाली, "मनाला लागलं म्हणूनच सांगायला आले. त्या दिवशी मी चूक दाखवणार होते, ती राहिली." ते चिडले. तसं होणार हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं; टोकलं की माणूस आधी चिडतो, पण पुढच्या वेळी तोंड उघडताना बरेचदा सावध असतो. जिथे नोकरीच जाण्याची भीती आहे तिथे मात्र आधी असं भिडायला मी सांगत नाही. तारीख, शब्द, कोण हजर होतं, हे लिहून ठेवा आणि सोबत कुणीतरी घ्या.

सोबतीचं तर मी तिलाही सांगितलं होतं. ज्याच्यावर विनोद झाला त्यानं आक्षेप घेतला की 'हळवा' म्हणून मोडीत काढतात. दुसऱ्यानं घेतला की ऐकतात. तिनं शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला धीर करून विचारलं. तो म्हणाला, "मलाही खटकलं होतं. तुम्ही हसलात, म्हणून मी गप्प बसलो."

महिन्याभरानं तिचा फोन आला. बैठकीत वरिष्ठांनी "आता मॅडम..." म्हणून सुरुवात केली होती. तोच सहकारी म्हणाला, "सर, आधी त्यांचं ऐकू या." कुणी हसलं नाही. तिनं ड्रॉइंग ओढलं आणि तिसऱ्या पानापासून बोलायला लागली.