"वाईट वाटेनासं झालंय, मॅडम"

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाची मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बसल्या बसल्याच म्हणाली, "मॅडम, मला पेशंटचं वाईट वाटेनासं झालंय. निर्दयी होत चाललेय का मी?" नर्सिंगच्या मुलींकडून हा प्रश्न दर वर्षी येतो.

घडलं होतं ते असं. सरकारी रुग्णालय, बायकांचा मेडिसिन वॉर्ड, रात्रपाळी. बावन्न पेशंट, त्यातल्या काही जणी खाली गादीवर. एक स्टाफ सिस्टर, ही आणि हिची मैत्रीण. बारा नंबरच्या आजींनी बेडपॅन मागितलं. वॉर्डात धड अशी दोनच, दोन्ही अडकलेली. "थांबा हो आजी," म्हणून ही सलाईन बदलायला गेली ती पाऊण तासाने आली. चादर ओली. कपाटात धुतलेली चादर नाही. आजी काही बोलल्या नाहीत, भिंतीकडे तोंड केलं. त्या सकाळी ही हॉस्टेलवर खूप रडली. महिन्याभराने दुसऱ्या एका बाईच्या बाबतीत तेच झालं, आणि रडूच आलं नाही.

सांगताना ती आजींना 'बारा नंबर'च म्हणत होती. १९६० च्या सुमारास मनोविश्लेषक इसाबेल मेंझीस यांनी लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास केला, तिथेही पेशंट बेडच्या नंबराने नाहीतर आजाराने ओळखला जायचा. रोजचं दुःख अंगावर येऊ नये म्हणून घातलेलं ते कुंपण, असा त्यांचा निष्कर्ष. हे ऐकून ती जरा सैलावली. 'निर्दयी माणसाला असा प्रश्नच पडत नाही' हे वाक्य मात्र मी गिळलं. ऐकायला बरं वाटतं, रात्री वॉर्डात उपयोग शून्य.

मग मीच घसरले. म्हटलं, प्रत्येकीजवळ पाच मिनिटं बस. ती हसली. "मॅडम, बावन्न पंचे दोनशे साठ. सलाईन कोण लावणार?"

बरोबरच होतं तिचं. मग आम्ही कागद घेतला, मध्ये रेघ मारली. डावीकडे तिच्या हातात नसलेलं: बेडपॅन, चादरी, माणसं. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तिघांमागे एक. हे तिला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्या रात्रीशी तिने ते कधी जोडलंच नव्हतं. ती तूट ती एकटी स्वतःच्या नावावर मांडत होती.

उजवीकडे काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी तिनेच सुचवलं: नाडी. नाडी मोजायला मिनिटभर मनगट धरायचंच असतं. मोजताना बोलता येत नाही, पण आधी नाव घेता येतं, आणि आकडा मिळाल्या मिळाल्या हात झटकन सोडला नाही तरी चालतं. दुसरं, नुसतं 'थांबा' म्हणायचं नाही. 'अर्ध्या तासाने येते' म्हणायचं, आणि उशीर होणार असेल तर जाता जाता तेवढं सांगायचं.

झोप उडाली, जेवण जाईना, सगळं सोडून द्यावंसं वाटत राहिलं, तर एवढ्यावर भागत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी अशा मुलींना लिहूनच देते.

तिसऱ्या खेपेला आली ती प्रोसिजर बुकवर (वॉर्डात केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही मिळत नाही म्हणून वैतागलेली. बेडपॅन अजून दोनच. तळहातावर बॉलपेनने तीन नावं लिहिलेली होती. "हात धुतले की जातात ना मॅडम," ती म्हणाली, "म्हणून तोवर पाठ करावी लागतात."