पेन्शन आत्ता घ्यावी की ५८ पर्यंत थांबावे?

प्रश्न : वय ५४. कुंडई औद्योगिक वसाहतीत २७ वर्षे मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन होतो. शेवटचा पगार ३८,०००. कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) दिली, त्याचे ९ लाख आले. पीएफमध्ये ३१ लाख आहेत. पेन्शन ५८ ला साधारण ४,२०० बसेल असे सांगितले; आत्ता घेतली तर कापून मिळते म्हणतात. थांबू का? भावोजींचे म्हणणे, पीएफ काढ आणि वडिलांच्या घरावर दोन खोल्या चढव, फर्मागुडीचे विद्यार्थी भाड्याने येतील. घरखर्च २८,०००. बायको शिवणकामातून ५,००० मिळवते. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गुडघ्यांमुळे शिफ्टची नोकरी आता नको. – फोंडा तालुक्यातील एक वाचक

उत्तर : तुमच्या चार पानी पत्रात तीन पाने पेन्शनवर आहेत आणि ३१ लाखांवर पाच ओळी. मी उलटे करणार होतो, पण पेन्शनचा हिशेब आधी मिटवू, कारण पुढचे सगळे त्यावर बेतलेले आहे.

३८,००० पगाराला ४,२०० पेन्शन कशी, हा तुमचा राग समजतो. पण पीएफसोबत मिळणाऱ्या या पेन्शनच्या हिशेबात तुमचा खरा पगार धरतच नाहीत. सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा १५,००० ची, त्याआधीच्या वर्षांना ६,५०० ची. त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. वीस वर्षांवर सेवा असली की दोन वर्षे वाढवून मिळतात. एवढेच. महागाई भत्ता या पेन्शनला नाही, म्हणजे सुरू होईल तो आकडा तसाच राहणार.

५८ च्या आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होतात. चार वर्षे आधी म्हणजे हातात साधारण साडेतीन हजार. लोक इथेच दचकतात, ‘कायमचे साडेसहाशे-सातशे गेले’ म्हणून. पण थांबलात तर चार वर्षांत जवळपास १ लाख ७० हजार सोडता, ते कोण मोजणार? महिना साडेसहाशे-सातशेने ही रक्कम भरून यायला एकवीस-बावीस वर्षे लागतात. म्हणजे तुम्ही ऐंशीच्या घरात. व्याज धरले तर त्याहून पुढे. तुमच्या माघारी पत्नीला तुमच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, तिथे आधी घेतल्याने महिना साडेतीनशेच्या आसपास फरक पडेल. तो मी मान्य करतो आणि तरीही सांगतो : तुमच्या बाबतीत आत्ताच घ्या.

कारण पेन्शन मोठी आहे हे नव्हे. ती घेतल्याने पीएफला हात लावावा लागत नाही. चार वर्षांचा घरखर्च साडेतेरा लाख. व्हीआरएसचे ९ लाख, पेन्शनचे १ लाख ७० हजार आणि पत्नीचे सुमारे अडीच लाख मिळून जवळपास तेवढेच होतात. महागाईमुळे थोडी ओढाताण होईल. पण वायरिंगची, मोटर दुरुस्तीची कामे करणारा भरवशाचा माणूस आज गावात मिळत नाही. शिफ्ट नको, ठीक. शिडीवर चढण्याचे काम एखाद्या पोराला द्या आणि बाकीचे स्वतः करा. मात्र पीएफ लागू असलेली नोकरी पुन्हा धरायचा विचार असेल तर पेन्शन सुरू करू नका. पुढची सेवा मग पेन्शनमध्ये धरली जात नाही.

आता ३१ लाख. नोकरी सुटली तरी या खात्यावर ५८ पर्यंत व्याज मिळत राहते. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. तोच टिकला तर चार वर्षांत ३१ चे साडेबेचाळीस लाख होतात. नोकरीनंतरचे व्याज करपात्र असते, पण तुमच्या एकूण उत्पन्नावर सध्या कर बसणार नाही.

साठाव्या वर्षी त्यातले ३० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, मर्यादाच तेवढी आहे. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिना २०,५००. पेन्शन धरून २४,०००. आणि तोवर तुमचा आजचा २८,००० चा खर्च, महागाई ६ टक्के धरली तर, चाळीस हजारांच्या आसपास पोचलेला असेल. तुम्हाला हे वाचून बरे वाटणार नाही, पण खरी अडचण ही आहे, कापलेले साडेसहाशे नव्हेत. वायरिंगची कामे साठीपर्यंत चालू ठेवा म्हणतो ते यासाठी. साडेबेचाळीसमधले उरलेले साडेबारा लाख दरवर्षीची तूट भागवायला लागतील. जादा व्याजाच्या मोहाने ते एकाच पतसंस्थेत ठेवू नका. गोव्यातल्या दोन अर्बन सहकारी बँकांचे परवाने २०२० आणि २०२१ मध्ये रद्द झाले, तेव्हा आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेल्यांचे काय झाले ते तुमच्या शेजारीपाजारी कोणीतरी सांगेल. बँक ठेवीला विमा ५ लाखांपर्यंतच असतो, आणि पतसंस्थेला तोही नसतो.

भावोजींच्या खोल्या. भाडे येईलही. पण घर अजून वडिलांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टामार्फत होणारी वाटणी) झालेली नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. आपल्याकडच्या, म्हणजे गोव्याच्या, कायद्याने अर्धा हिस्सा आईचा, उरलेल्यात तुम्ही सगळी भावंडे, आणि भावंडांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. म्हणजे भावोजींचीही. तुमच्या पीएफमधून उभ्या राहिलेल्या खोल्यांवर उद्या त्यांचाही हक्क निघू शकतो. त्यांचा हेतू चांगलाच असेल. इन्व्हेंटरी करून हिस्से ठरवा, मग खोल्यांचा विचार करू.

कंपनीचा मेडिक्लेम गेला आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड नसेल तर काढा; तिघांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे संरक्षण आहे. वेगळी पॉलिसी घ्यायची तर गुडघ्यांचा आजार लपवू नका. आधीच्या आजारांना प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. आज सुरू केलात तर सत्तावन्नला सुटाल.

आणि पुढच्या आठवड्यातले काम. पासबुकाच्या प्रतीवर तुमचे आडनाव जुन्या पोर्तुगीज धाटणीने क्यू-यू-ई असे संपते आणि आधारवर नुसत्या के ने. आपल्या पिढीत हे घरोघरी आहे, पण पेन्शन मागण्याचा १०-डी अर्ज अशा वेळी अडकतो. नावाच्या दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे तुमचा आणि कंपनीचा संयुक्त अर्ज, करावा लागतो आणि त्याला कंपनीची मंजुरी लागते. कंपनीच्या ऑफिसात तुम्हाला ओळखणारी माणसे आहेत तोवर, अर्ज भरायच्या आधी, ती घेऊन या. नॉमिनेशनही त्याच दिवशी बघा. लग्नाआधीचे असेल तर त्यात अजून आईचेच नाव असेल.