जुन्या आरएक्स १००ला नवा डिस्क ब्रेक

प्रश्न : माझी १९९५ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे, पुढे ड्रम ब्रेक. मित्राकडे दुसऱ्या नव्या १५० सीसी गाडीचा कॅलिपर अन् डिस्क पडून आहे, तेवढंच बसवलं तर चालेल ना?

उत्तर : तेवढ्याने नाही भागणार हो. कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग, अडकवायला फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खालच्या नळीवर बोल्ट लावायचे कान लागतात, तुमच्या ड्रमवाल्या फोर्कला ते नाहीत, आणि कुणी वेल्डिंग करून पट्टी लावून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, जोरात ब्रेक दाबल्यावर सगळा भार त्याच पट्टीवर येतो. त्यापेक्षा फोर्क, हब (चाकाचा मधला भाग), एक्सल (चाकाचा दांडा) अख्खा सेट एकाच गाडीचा घ्या. मास्टर सिलेंडरपण, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप, त्याच कॅलिपरचा हवा, त्याचा पिस्टन जास्त मोठा असला की लिव्हर दगडासारखा कडक लागतो अन् गाडी मात्र थांबत नाही, मी स्वतः एकदा भोगलंय! जुना होज (ब्रेक ऑइलची नळी) वापरू नका. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं डॉट ४ ग्रेडचं घ्या, डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं, दोन्ही मिसळत नाहीत. लिव्हर स्पंजसारखा लागला तर आत हवा आहे, परत ब्लीड करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा.