लूमच्या ठोक्यात टर्नटेबल : वाचकांचे प्रश्न

टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. पट्टा नाही, रबरी चाक नाही, मोटारीच्या दांड्यावरच थाळी बसवलेली, हा डायरेक्ट ड्राइव्ह. टेक्निक्स या जपानी कंपनीचा एसपी-१० हा या जातीचा पहिला, १९७० च्या सुमाराचा. एसएल-१२०० आला १९७२ मध्ये आणि त्याचा क्वार्ट्झवाला (स्फटिकाने वेग राखणारा) एमके२ १९७९ मध्ये. इतक्या वर्षांची ही यंत्रं माळ्यावरून खाली आली की लोक आधी मोटारीवर संशय घेतात. सोलापुरातून आलेल्या या वेळच्या पाचपैकी एका पत्रात तेच आहे.

मामांच्या घरून एसएल-१२०० एमके२ मिळाला. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट लिहिलंय. वायरमन म्हणतो, स्टॅबिलायझर लावा, काही होत नाही. लावू का? (विजापूर रोड)

लावू नका. स्टॅबिलायझर २३० चे २३० राखतो, १०० करत नाही. तुमचं यंत्र जपानच्या घरगुती बाजारातलं आहे, तिथली वीज १०० व्होल्टची. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरच लागतो. यंत्राची भूक जेमतेम दहा-पंधरा वॉटची, त्यामुळे ५० व्हीएचा पुरे. दुकानात तयार मिळतो तो बहुतेक ११० चा असतो. आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढलं की तोच १२० च्या घरात जातो. त्यापेक्षा वाइंडिंगवाल्याकडून १०० चाच वळवून घ्या.

आणि तो ट्रान्सफॉर्मर यंत्रापासून हातभर तरी लांब ठेवा. मी एकदा शेल्फवर जागा नाही म्हणून टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) बाजूलाच ठेवला आणि ‘घूंऽऽ’ कुठून येतंय ते शोधण्यात अख्खा रविवार घालवला. अर्थिंग तपासलं, वायरी बदलल्या, ॲम्प्लिफायर उघडला. संध्याकाळी चहाचा कप ठेवायला ट्रान्सफॉर्मर सरकवला आणि आवाज बंद.

अमेरिकेहून आणलेला जुना डायरेक्ट ड्राइव्ह आहे, क्वार्ट्झ नाही. ट्रान्सफॉर्मर व्यवस्थित आहे. थाळीच्या कडेची ठिपक्यांची रांग स्थिर करून ठेवली तरी गाणं ओढल्यासारखं, जड वाजतं. एकाने मोटार बदलायला सांगितली. (जुळे सोलापूर)

मोटार ठणठणीत आहे. तुम्ही चुकीची रांग पाहताय.

त्या ठिपक्यांवर पडणारा निऑनचा दिवा विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतो. आपली वीज ५० हर्ट्झची. दिवा लहरीच्या दोन्ही अर्ध्यांत पेटतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असेल, तर दोन लुकलुकण्यांच्या मधे बरोबर एक ठिपका पुढे सरकायला हवा, आणि त्यासाठी रांगेत १८० ठिपके लागतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथली रांग २१६ ठिपक्यांची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्या विजेवर २१६ ची रांग स्थिर दिसते तेव्हा थाळी मिनिटाला २७.८ फेरेच घेत असते. सहा मिनिटांचं गाणं सात मिनिटं बारा सेकंद चालतं आणि काळी तीनमध्ये गायलेलं काळी दोनच्याही किंचित खाली उतरतं. जड वाजणारच.

शेजारी ५० ची रांग असेल तर ती पाहा. काही यंत्रांवर नसतेच. मग ठिपके विसरा आणि हे करा: थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, रेकॉर्डवर सुई टेकवा (सुईचा ओढाही मोजण्यात यायला हवा) आणि मोबाइलच्या घड्याळावर फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० भरले पाहिजेत. याहून खात्रीचं माप मला माहीत नाही.

पुढे ४५ ची ५० हर्ट्झवाली रांग संथपणे सरकताना दिसली तर घाबरू नका. तिथे हिशेबाने १३३⅓ ठिपके हवेत, आणि ठिपक्याचा तिसरा भाग छापता येत नाही. वेग मात्र अधूनमधून आपोआप उडी मारत असेल, तर पिच कंट्रोलमध्ये, म्हणजे वेग कमीजास्त करायच्या बटणात, धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवा. तरीही थांबलं नाही तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले असतील. ते बदलणं रुपयांचं काम आहे, मोटार शोधणं हजारोंचं.

घराला लागून पॉवरलूम आहे. दिवसा रेकॉर्ड लावली की खालच्या पट्टीत घरघर येते, आवाज वाढवला की स्पीकरचे कोन आतबाहेर हलतात. टर्नटेबलखाली चादरीच्या चार घड्या घातल्या, फरक नाही. (अशोक चौक परिसर)

सोलापुरी चादर अंगावर घ्यायला जगात भारी, टर्नटेबलखाली निरुपयोगी. घडी एका कोपऱ्यात जास्त दबते, यंत्र तिरकं होतं आणि हादरा होता तिथेच राहतो.

लूमचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा ठोका देतो. तो ठोका जोत्यातून फरशीत, फरशीतून टेबलाच्या पायांत येतो. टोनआर्म आणि कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) मिळून स्वतःचा एक झोका असतो, साधारण ८ ते १२ हर्ट्झचा. लूमच्या ठोक्यांतला त्या आसपासचा हादरा मिळाला की तो झोका वाढतो. कानाला ऐकू येत नाही, पण स्पीकरचा कोन हलताना दिसतो तो हाच.

आधी खात्री करा. मोटार बंद, थाळी थांबलेली, नको असलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा. लूम चालू असताना जे ऐकू येईल ते सगळं जमिनीतून आलेलं. लूमला सुट्टी असेल त्या दिवशी तेच पुन्हा करा.

उपाय जमिनीवर नाही, भिंतीवर आहे. लूमकडची सामाईक भिंत सोडून समोरची जाड भिंत निवडा. लोखंडी ब्रॅकेट भिंतीत पक्के ठोका, त्यावर रबराचे चार तुकडे आणि त्यावर शहाबादी फरशी. आपल्याकडे ती फरशीवाल्याकडे तुकड्यातही मिळते. दीड इंच जाडीची मिळाली तर उत्तम, पण तेवढं वजन ब्रॅकेट पेलतील का ते गवंड्याला विचारून घ्या. वर टर्नटेबल ठेवून गवंड्याचीच पाणसळ थाळीवर दोन्ही दिशांनी लावा. स्पीकर त्या फरशीवर ठेवायचे नाहीत, हे सांगायची गरज नसावी. पण एका घरी मी ते पाहिलंय.

जुन्या टेक्निक्सवर नवी कार्ट्रिज बसवायची आहे. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई घेतली. वायरी, वजन, सगळंच सांगा. प्लिंथ (खालचा पाया), मॅट (थाळीवरची चकती), आतली वायरिंगही बदलू का? (होटगी रोड)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नको. पैसे सुईत घाला, मग फोनो प्रीॲम्पमध्ये (सुईचा क्षीण आवाज मोठा करणारी डबी). मॅट बदलून फरक ऐकू आला असं सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण पैसेही घालत नाही.

हेडशेल म्हणजे कार्ट्रिज बसते तो आर्मच्या टोकाचा तुकडा. त्याच्या चार वायरी: पांढरी डावी, निळी तिची परत, लाल उजवी, हिरवी तिची परत. पिना चिमट्याने धरा, कार्ट्रिजवर सोल्डरिंग कधीच नाही. एसएल-१२०० असेल तर हेडशेल आर्मला जिथे टेकतं त्या वॉशरच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेवा, ओव्हरहँग (सुई थाळीच्या मधल्या खिळ्याच्या पुढे जाते ते अंतर) बरोबर १५ येतो.

वजनासाठी आधी अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेली उलट ओढ) शून्यावर. मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगता करा, आकड्यांची कडी शून्यावर आणा, मग २ ग्रॅम द्या. जुन्या आर्मच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याचा पृष्ठभाग रेकॉर्डच्याच उंचीला आणून मोजा. शेवटी अँटीस्केटही २ वर. हलकं ठेवलं तर रेकॉर्ड वाचते असं समजू नका. हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंती खरवडते.

ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ इनपुट नसेल तर प्रीॲम्प लागेलच. कार्ट्रिज जेमतेम ४ मिलिव्होल्ट देते आणि रेकॉर्ड कापताना मंद्र मुद्दाम कमी, तार जास्त केलेलं असतं. ते सरळ करणं प्रीॲम्पचंच काम. टर्नटेबलची वेगळी बारीक अर्थ वायर त्याच प्रीॲम्पच्या स्क्रूला जोडा.

आजोबांच्या नाट्यगीतांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या आहेत. एमके२ वर वाजतील? टॉवेलने पुसून, थोडं स्पिरिट लावून ठेवल्यात. (मुरारजी पेठ)

स्पिरिट ताबडतोब थांबवा! या तबकड्या लाखेच्या आहेत, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, बाकी काही नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी वाळल्यावर क्षार मागे ठेवतं. टॉवेल आपल्या गावचा असला तरी त्याची लव खोबणीत बसते.

एमके२ ला ७८ चा वेग नाही आणि एलपीची सुई त्या रुंद खोबणीत तळाशी लोळते. वरच्या व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी वेगळी जाड सुई येते, कार्ट्रिज तीच राहते. फक्त वजन ५ ग्रॅमच्या आसपास द्यावं लागतं. ती लावून तबकडी ४५ वर वाजवा, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि वेग १.७३३ पट करा. सूर जागेवर येतील. खालची-वरची पट्टी थोडी इकडेतिकडे वाटेल, कारण त्या काळी प्रत्येक कंपनीचं कापणं निराळं होतं. ती कॉम्प्युटरवर कानाने जुळवा, आणि आजोबांच्या वयाचं कुणी घरात असेल तर त्यांना शेजारी बसवून जुळवा.