नंबरप्लेटवरून जिल्हे

प्रश्न : लातूरहून संभाजीनगरला गाडीने जाताना ७ आणि ११ वर्षांची मुलं मोबाइलसाठी भांडतात. एखादा खेळ सुचवा.

उत्तर : एमएच २० ते २६ आणि हिंगोलीचा ३८, हे मराठवाड्याचे आठ आकडे पाठ करून घ्या. नंबरप्लेट पाहून जिल्हा ओळखला की गुण; किती, ते मुलांनाच ठरवू द्या. फक्त लातूर जिल्हा सुटेपर्यंत लातूरच्या २४ ला शून्य, नाहीतर पाच मिनिटांत मजा जाते. एकाला डावी खिडकी, दुसऱ्याला उजवी. समोरची वाहनं उजवीकडूनच येतात, म्हणून दर तालुक्याला जागा बदला. ‘२२ बीएच’ (देशभर चालणारी ‘भारत’ मालिका) म्हणजे २२ चं परभणी नव्हे, ते नोंदणीचं वर्ष. भांडण हमखास इथेच! गुण बोटांवर मोजा. लिहायला मान खाली घातली की मळमळतं. चालकाला मात्र पंच करू नका.